कौलाखालच्या खारी: न मारता, न पकडता घर कसं मोकळं करावं

सकाळी उजाडलं की डोक्यावर खुडखुड सुरू होते. दिवसभर मधूनमधून फळीवरून काहीतरी गडगडत जातं. माळ्यावरच्या गादीचा कापूस बाहेर आलेला असतो, वाळत टाकलेल्या चिंचेला तोंड लागलेलं असतं, आणि कधीतरी काही कारण नसताना विजेचा एमसीबी (बिघाड झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो. खारींना एकदा हुसकावून लावलं तरी महिनाभरात पुन्हा तेच. तुमच्याकडे असं चालू असेल, तर आमच्या घरी जे करून हा त्रास थांबला ते इथे सविस्तर लिहिते.

आमचं घर रत्नागिरी तालुक्यात, समुद्रापासून फार लांब नाही. दोन पाख्यांचं, मंगळूरी कौलांचं, मध्ये फळ्यांचा पोटमाळा. भोवती नारळ, पोफळी, एक फणस आणि परसात चिकू. खारींना आणखी काय हवं? पहिल्या वर्षी आम्ही काठीने हुसकावलं आणि दिसतील त्या फटींत चिंध्या कोंबल्या. आठ दिवसांत चिंध्या ओसरीवर आणि खार माळ्यावर.

दुसऱ्या वर्षी पिंजरा लावला. शेंगदाणे आणि चिकूची फोड ठेवली, दुपारपर्यंत खार अडकली. तिला लांब नेऊन एका बागेत सोडली आणि आम्ही निश्चिंत झालो. तिसऱ्या दिवशी माळ्यावरून बारीक चिरचिर ऐकू यायला लागली. चौथ्या दिवशी ती कमी झाली आणि नंतर वास आला. वर चढून पाहिलं तर कौलाच्या कडेला नारळाच्या काथ्याचा एक गोळा होता. आत गादीचा कापूस, गोधडीचे दोरे, आणि सासूबाई देवघरात वळून ठेवतात त्या वाती, अगदी नीट अंथरलेल्या. त्यावर दोन पिल्लं, डोळेही न उघडलेली, मेलेली. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. रामाने पाठीवरून हात फिरवला म्हणून खारीला पट्टे आले, ही गोष्ट त्यांनीच माझ्या मुलीला सांगितली होती. त्यानंतर मी ठरवलं की हे काम पुन्हा करायचं तर आधी समजून घेऊन करायचं.

आणि एवढं करूनही पुढच्या दोन महिन्यांत त्याच फटीतून दुसरी खार आत आली. जागा उबदार, कोरडी, मांजरापासून सुरक्षित आणि रिकामी. एक गेली की शेजारच्या झाडावरची दुसरी येणारच. त्रास पुन्हा पुन्हा होतो तो फटीमुळे.

आधी खारच आहे ना, ते बघा

खार दिवसाची आहे. आवाज पहाटे उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत येत असेल आणि रात्री सगळं शांत असेल, तर ती खार. रात्री दहानंतर कुरतडणं, पळापळ ऐकू आली तर उंदीर-घुशी. रात्रीच, पण पावलं जड, मांजर चालल्यासारखी, आणि कौलं सरकलेली, तर बहुधा कांडेचोर, म्हणजे उदमांजर. संध्याकाळी दिवे लागणीला फटीतून काहीतरी भुरकन बाहेर पडत असेल तर वटवाघळं. या प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे आणि खाली लिहिलेलं सगळंच त्यांना लागू पडणार नाही. खास करून वटवाघळं असतील तर जाळी मारून टाकू नका, आत अडकून मरतील.

खात्री करायची सोपी युक्ती: भिंतीच्या माथ्यावर, जिथे वासे टेकतात तिथे, तांदळाच्या पिठाचा पातळ थर भुरभुरवा. पहाटे एकदा आणि दुपारी एकदा बघा. पावलं फक्त दिवसा उमटत असतील तर शंका राहत नाही. शिवाय ये-जा करायची वाट रोजच्या वापराने मळकट, तेलकट होते आणि तिथल्या लाकडाच्या कडेला ताजं कुरतडलेलं असेल तर ते आजूबाजूच्या काळपट लाकडात पांढुरकं उठून दिसतं.

माळ्यावर चढण्याआधी मेन स्विच बंद करा. हे मी कळकळीने सांगते. कुरतडलेली वायर वरून दिसत नाही; आमच्याकडे पंख्याच्या वायरीचं वरचं आवरण बोटभर लांब निघालेलं होतं आणि तांबं उघडं पडलं होतं, तेही वाळलेल्या काथ्याला लागून.

पिल्लं आहेत का, हा मुख्य प्रश्न

सगळं काम या एका प्रश्नावर अडतं, म्हणून इथे घाई करू नका. आपल्याकडे घराच्या आसपास दिसतात त्या खारी पाठीवर तीन पट्टे असलेल्या किंवा पाच पट्टे असलेल्या. दोन्ही वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा वितात, एका वेळी बहुधा दोन-तीन पिल्लं. जन्मतः ती उघडी, गुलाबी आणि आंधळी असतात. डोळे उघडायला तीन आठवड्यांच्या आसपास लागतात आणि आईवाचून राहण्याजोगी व्हायला दोन-अडीच महिने. त्यामुळे ‘अमुक महिन्यात पिल्लं नसतात’ असं कुणी सांगितलं तरी त्यावर विसंबू नका. बघा आणि मग ठरवा.

बघायचं काय? एक, खार तोंडात कापूस, काथ्या, चिंधी घेऊन आत जाताना दिसते का. तसं असेल तर ती घरटं बांधते आहे, विणं जवळ आलंय. दोन, पोटाकडची आचळं ठळक दिसतात का. भिंतीवर उभी चढताना हे चांगलं दिसतं. तीन, ती बाहेर गेल्यावर माळ्यावर कान लावून पाच-दहा मिनिटं शांत बसा. पिल्लांचा आवाज अगदी बारीक, एकसुरी असतो, पण एकदा ऐकला की विसरत नाही.

पिल्लं असतील तर थांबा. खरंच दुसरा चांगला उपाय नाही. दोन महिन्यांनी घराचं काही बिघडत नाही. तेवढ्यात वायरी सुरक्षित करून घ्या, धान्य आणि गाद्या खाली आणा. अगदीच थांबता येत नसेल, वर दुरुस्ती अडली असेल, तर आईलाच पिल्लं हलवू द्या. दिवसा घरट्याच्या जवळ एक दिवा लावून ठेवा आणि माणसं बोलत असलेलं रेडिओचं केंद्र मध्यम आवाजात लावा. घरट्यापाशी खारीला गजबज, उजेड आवडत नाही. तिच्याकडे बहुतेक वेळा दुसरं घरटं आधीच ठरलेलं असतं आणि ती पिल्लांना एकेक करून तोंडात धरून नेते. त्यासाठी तिला उघडी वाट आणि दोन-चार कोरडे दिवस हवेत. भर पावसात असं करू नका.

पिल्लू खाली पडलेलं सापडलं तर खोक्यात मऊ कापड घालून, मांजर पोचणार नाही अशा जागी, पडलं त्याच्याच जवळ उंचावर ठेवा आणि लांब जा. आई शोधत येते. गाईचं दूध पाजू नका, ठसका लागून आणि पोट बिघडून पिल्लं दगावतात. संध्याकाळपर्यंत आई आलीच नाही तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

फटी कशा शोधायच्या

हे काम भर दुपारी, लख्ख ऊन असताना करायचं. माळ्यावर जा, दार-खिडकी लावून घ्या, दिवा बंद करा आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत दहा मिनिटं नुसतं बसा. मग कवडसे दिसायला लागतात. आधी एखाद-दुसरा दिसतो, मग पाच, मग वीस. प्रत्येकाखाली खडूने खूण करा. अंगठा सहज आत जाईल अशी फट आधी बंद करायची. खार दिसते त्यापेक्षा खूप बारीक असते, फुगीर असतं ते केस.

आमच्या घरात फटी निघाल्या त्या अशा. सगळ्यात जास्त वळचणीला: भिंतीचा माथा आणि कौलं यांच्यामध्ये, वाशा-वाशांच्या मधली पोकळी. ही पोकळी हवेसाठीच ठेवलेली असते, म्हणून ती सिमेंटने लिंपून टाकू नका. कौलारू घर गुदमरलं की लाकूड कुजतं. दुसरी जागा आढ्यावरचे कोने, म्हणजे अगदी माथ्यावरची कौलं. त्यांच्याखालचा चुना किंवा सिमेंट उन्हा-पावसाने तडकून निघतं. तिसरी, दोन पाखी मिळतात तिथली पन्हळ. पत्र्याच्या दोन्ही बाजूंना कापलेली कौलं असतात आणि तिथे हात जाईल एवढी जागा राहते. चौथी, काचेच्या कौलाच्या कडा. आणि पाचवी, विजेची आणि इंटरनेटची वायर आत घेण्यासाठी पाडलेली भोकं, जी कोणीच बुजवत नाही.

यात एक कारण कौलारू घरांपुरतं आहे आणि ते लक्षात घेतलं नाही तर बाकी कष्ट वाया जातात. वानर. वानरांची टोळी कौलांवरून गेली की पाच-सहा कौलं सरकतात, एखादं फुटतं. मे महिन्यात शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून पुन्हा नीट बसवणं, करून घर बंदिस्त केलं आणि पावसाआधी वानरं येऊन गेली, तर खारीला पुन्हा दार उघडं. म्हणून वानरं गेल्यावर त्याच दिवशी एक फेरी मारून बघायचं, हे आमच्या घरी आता ठरूनच गेलंय.

जाळी कुठली, कशी

अर्ध्या इंचाच्या भोकांची, गॅल्व्हनाइज्ड तारेची वेल्डमेश, म्हणजे तारा एकमेकींना पक्क्या जोडलेली चौकोनी जाळी. हार्डवेअरच्या दुकानात फुटावर मिळते. कोंबडीच्या खुराड्याची षटकोनी जाळी घेऊ नका; तार बारीक, भोकं मोठी, वर्षात सैल पडते. नायलॉनची पक्ष्यांची जाळी तर अजिबातच नको. खार ती दातांनी कातरते, आणि कातरता आली नाही तर पाय गुंतून लटकून मरते. फवारून फुगणारा फोमही नको, तो कुरतडायला पावापेक्षा कठीण नाही. खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे ती काहीतरी कुरतडणारच. तिच्या दातांपुढे लोखंड, सिमेंट आणि काच एवढंच टिकतं.

समुद्रकाठी राहत असाल तर साधी जाळी खाऱ्या वाऱ्याने गंजते. आमच्याकडे दोन पावसाळ्यांत कोपरे तांबूस झाले. परवडत असेल तर स्टेनलेस स्टीलची घ्या, निदान पश्चिमेकडच्या वळचणीला तरी.

आमच्या वाडीतल्या सुतारदादांनी काम छान केलं आणि त्यांची पद्धत सांगण्याजोगी आहे. जाळीचा तुकडा पोकळीपेक्षा चारी बाजूंनी दोन-दोन बोटं मोठा कापायचा. कडा आतल्या बाजूला दुमडायच्या, म्हणजे टोकं कोणाला लागत नाहीत आणि जाळीला ताठपणा येतो. मग वाशाला वॉशर घालून स्क्रूने आवळायची. खिळा मारला तर जुनं लाकूड चिरतं आणि खार जाळीच्या कडेला तोंड घालून खिळा सैल करते. वाशांचा आकार गोल असेल तर जाळी वाशाच्या अंगाला बसेल अशी कापावी लागते. तिथे घाई केली की नेमकी अंगठ्याएवढी फट उरते. ‘वहिनी, फट बंद केली असं आपण म्हणायचं नाही, खारीने म्हणायचं,’ असं ते म्हणाले होते.

शेवटची फट आणि एकतर्फी वाट

सगळ्या फटी बंद करा, एक सोडून. ती जी उरेल ती खारींची रोजची वाट हवी. ती कुठली हे कळायला दोन दिवस पहाटे अंगणात बसा. उजाडल्यावर लवकरच खार बाहेर पडते आणि नेमकी कुठून पडते ते दिसतं. मी चहा घेऊन पायरीवर बसायचे, दुसऱ्या दिवशी सगळं स्पष्ट झालं. पन्हळीच्या कोपऱ्यातून दोन खारी बाहेर येत होत्या.

त्या भोकात वर्तमानपत्राचा बोळा हलकेच बसवा. दिवसभरात ढकलून दिला तर आत वर्दळ आहे. दोन-तीन कोरडे दिवस जसाच्या तसा राहिला तर आत कोणी नाही, सरळ बंद करा.

वर्दळ असेल आणि पिल्लं नाहीत अशी खात्री झाली असेल, तर त्याच वेल्डमेशचं नरसाळं करा. रुंद तोंड भोकावर घट्ट बसवायचं, लांबी हातभर, आणि बाहेरचं तोंड दीड इंचाच्या आसपास. नरसाळं बाहेरच्या बाजूला किंचित खाली झुकलेलं आणि अधांतरी हवं, म्हणजे भिंतीवरून किंवा कौलावरून त्याच्या तोंडापर्यंत चढता येणार नाही. खार आतून उजेडाकडे येते, नरसाळ्यातून उतरते आणि बाहेर पडते. परत येताना ती भोकापाशी जुन्या जागीच हुंगत राहते, अधांतरी तोंड तिला सापडत नाही. बाहेरच्या तोंडाशी तारेची टोकं आतल्या बाजूला वळलेली नकोत, अंगाला लागतात. ती पक्कडीने बाहेर दुमडा.

आम्ही नोव्हेंबरमध्ये लावलं. पहिल्या सकाळी एक खार साडेसातच्या सुमारास बाहेर पडली. नऊ वाजता परतली आणि जाळीवर पालथी लटकून, शेपटी झटकत, चिडून ओरडत बसली. ते बघवत नव्हतं, खरं सांगते. दुसरी दुपारी बाहेर आली. संध्याकाळी दोघी फणसावर होत्या. नरसाळं पूर्ण आठवडा ठेवलं, रोज आत आवाज ऐकला, पीठ भुरभुरवून पाहिलं, आणि मग ते काढून तिथेही जाळी मारली. बंद केल्यानंतर आतून आवाज आला तर त्याच क्षणी जाळी उघडायची, उद्यावर टाकायचं नाही.

त्यांच्यासाठी मी परसात लाकडी खोकं टांगलं होतं, काथ्या घालून. त्याला त्यांनी तोंडही लावलं नाही. फणसाच्या बेचक्यात स्वतःच घरटं बांधलं.

काही गोष्टी अजिबात करू नका

विष नको. विष खाल्लेली खार कौलाखाली जाऊन मरते आणि तो वास आठवडे राहतो. शिवाय तिला खाणारा पिंगळा किंवा मांजर त्याच विषाने मरतं. चिकट सापळा नको. त्यावर अडकलेला जीव तासन्‌तास कातडी ओढत मरतो. डांबरगोळ्या माळ्यावर पसरू नका. त्यांची वाफ फळ्यांतून खाली झोपणाऱ्या माणसांच्याच नाकात जाते, आणि खार दोन दिवसांत त्या बाजूला ढकलून देते. तिखटाची पूड, लसणाचं पाणी, बाजारात मिळणारी आवाजाची यंत्रं, यांनी फट बुजत नाही.

पिंजऱ्याचं मी वर लिहिलंच. त्यात कायद्याची बाजूही आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकार या शब्दाच्या व्याख्येत मारण्याबरोबर पकडणं आणि सापळ्यात अडकवणंही येतं. म्हणून खरोखर पकडण्याची वेळ आली, खार घरात कोंडली गेली किंवा जखमी झाली, तर १९२६ला फोन करून वनविभागाच्या माणसांना बोलवा. खोलीत शिरलेल्या खारीसाठी मात्र बाहेरची एक खिडकी उघडी ठेवून, पंखा बंद करून, दार ओढून घेणं पुरेसं असतं.

घराभोवती

छपरावर आलेल्या फांद्या निदान सहा-सात फूट मागे छाटा. नारळाला झावळ्यांच्या खाली, जमिनीपासून पुरुषभर उंचीच्या वर, दीड-दोन फूट रुंद पत्र्याचा पट्टा गुंडाळला की खार आणि उंदीर दोघांनाही वर चढता येत नाही. पण शेजारच्या माडाची झावळ त्याला टेकत असेल तर पट्ट्याचा काही उपयोग नाही. वायरी लोखंडी पाइपातून घ्या, प्लॅस्टिकच्या पट्टीतून नको.

पुण्या-मुंबईकडे स्लॅबच्या घरांत हाच त्रास सोलर पॅनेलखाली होतो. पॅनेल आणि गच्ची यांच्यामधली सावली खारींना घरट्यासाठी आवडते आणि तिथल्या केबल दातांत सापडतात. तिथे पॅनेलच्या चौकटीला कडेने जाळीची झालर लावून घ्या. हे काम पॅनेल बसवणाऱ्याकडूनच करून घ्या, केबल कुरतडलेली असेल तर हात लावू नका. ऊन असेपर्यंत तिच्यात वीज असते. आणि पाण्याच्या टाकीचं झाकण, ओव्हरफ्लोचा पाइप बघा. उन्हाळ्यात खार पाण्यासाठी आत उतरते आणि गुळगुळीत बाजूंमुळे वर येऊ शकत नाही.

माळा मोकळा झाल्यावर जुनी घरटी, लेंड्या काढताना नाकाला मास्क, हातात मोजे, आणि झाडू मारण्याआधी जंतुनाशकाचं पाणी शिंपडा. आपल्याकडे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) आहे, आणि खारींबरोबर उंदीरही त्याच वाटेने येत असतात.

आमची फेरी आता वर्षातून दोनदा होते: मे महिन्यात शाकारणीबरोबर आणि दिवाळीनंतर. या मेमध्ये पश्चिमेकडचे दोन कोपरे गंजलेले निघाले, ते स्टीलच्या जाळीने बदलले. पन्हळीजवळचं एक कौल वानरांनी सरकवलं होतं, ते बसवलं. देवघरातल्या वातींची डबी मात्र अजून झाकण लावूनच ठेवावी लागते, कारण दुपारी ओसरीवरून एक खार आत येते, वात उचलते आणि फणसावर घेऊन जाते.